डान्टेचा स्वर्ग आणि मिराजची शिडी



१९१९ सालच्या जानेवारी महिन्याच्या २६ तारखेस माद्रिद येथील राजमान्य स्पॅनिश अकादमींत एका नव्या सभासदाचा प्रवेशसमारंभ झाला. अशा प्रसंगीं नव्या सभासदानें एक विद्वत्तापूर्ण निबंध वाचावयाचा, जुन्यांपैकीं एकानें त्याचें स्वागत करावयाचें, आणि मग सर्वांनीं समाधानानें घरीं जावयाचें, असा तेथील परिपाठ. त्या दिवशींच्या निबंधानें कोणाचें समाधान झालेंच असेल, तर तें फार दिवस टिकलें नाहीं. निबंध वाचणारे मिगेल आसीन पालासिओस हे माद्रिद विद्यापीठांत अरबीचे अध्यापक होते, आणि धर्मदीक्षा घेतलेले कॅथलिक पाद्रीहि होते. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं ख्रिस्ती युरोपचें जें सर्वश्रेष्ठ धर्मकाव्य, इटालियन कवि डान्टे याची 'डिव्हाइन कॉमेडी', त्याचा आराखडा आणि त्यांतील कितीतरी देखावे मुसलमानांच्या परलोकवर्णनांवरून आलेले आहेत.

हें ऐकून इटलींत काय वाटलें असेल याची कल्पना करा. डान्टेच्या मृत्यूला १९२१ सालीं ६०० वर्षें पुरीं व्हावयाचीं होतीं, आणि त्या उत्सवाच्या तोंडावर एक परदेशी विद्वान सांगत होता कीं, तुमच्या महाकवीनें आपल्या मंदिराचा नकाशा मशिदींतून आणला! डान्टेच्या अभ्यासकांपैकीं पुष्कळांनीं हें मत मोडून काढण्यासाठीं लेखण्या सरसावल्या. वाद इतका वाढला कीं, १९२४ सालीं आसीन यांना त्या वादाचाच एक इतिहास लिहून प्रसिद्ध करावा लागला. या वादांत पुरावा कोणता मानावा, कोठवर मानावा, आणि तो विद्वानांच्या डोळ्यांसमोर असूनहि त्यांना दिसत कसा नाहीं, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

डान्टेचा जन्म १२६५ सालीं फ्लॉरेन्स शहरांत झाला. १३०२ सालीं त्याला हद्दपार करण्यांत आलें, आणि १३२१ सालीं राव्हेन्ना येथें परक्या गांवींच तो वारला. आपल्याकडे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती १२९० सालीं. तेव्हां डान्टे पंचविशींत होता. त्यानेंहि पंडितांची लॅटिन भाषा बाजूस सारून लोकांच्या बोलींत आपलें महाकाव्य रचलें. त्या काव्याचे १०० सर्ग असून तीन भाग आहेत: नरक, पापक्षालनाचा पर्वत आणि स्वर्ग. कवि स्वतःच या तिन्ही लोकांतून प्रवास करतो. पहिल्या दोन लोकांत प्राचीन रोमन कवि व्हर्जिल त्याचा वाटाड्या असतो. स्वर्गांत त्याची दिवंगत प्रेयसी बेआत्रिचे त्याला नेते. मुंबईकरांना हें काव्य अगदींच परकें मानण्याचें कारण नाहीं. टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथसंग्रहांत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं भेट दिलेली त्याची एक जुनी हस्तलिखित प्रत जपून ठेवलेली आहे.

आतां दुसरी बाजू. कुराणाच्या सतराव्या सुऱ्याच्या आरंभीं एकच वाक्य आहे. परमेश्वरानें आपल्या सेवकाला एका रात्रींत मक्केच्या पवित्र मशिदीपासून अतिदूरच्या मशिदीपर्यंत नेलें, एवढाच त्याचा आशय. या एका वाक्याभोंवतीं पुढें हदीसांनीं आणि भाष्यांनीं एक विस्तीर्ण कथा उभी केली. महंमद पैगंबर बुराक नांवाच्या दिव्य वाहनावर बसून जेरुसलेमला जातात, आणि तेथून देवदूत जिब्रील त्यांना एकावर एक असलेल्या सात स्वर्गांतून वर नेतो. पहिल्या स्वर्गांत आदम भेटतो, दुसऱ्यांत येशू, सहाव्यांत मूसा, सातव्यांत इब्राहीम. शेवटीं दररोज पन्नास नमाजांची आज्ञा मिळते. परततांना मूसा म्हणतो, तुझ्या लोकांना एवढें पेलणार नाहीं. आणि त्याच्या सल्ल्यानें पैगंबर पुनःपुन्हां वर जाऊन ती संख्या पांचावर आणतात. या आरोहणाला 'मिराज' म्हणतात. मिराज या शब्दाचा एक अर्थ शिडी असा आहे, हें लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

ही कथा केवळ भाविकांच्या पाठांत राहिली नाहीं. तत्त्वज्ञांनीं आणि साहित्यिकांनीं ती आपापल्या कामाला लावली. सीरियांतील अंध कवि अबुल अला अल्-मआरी यानें इसवी सनाच्या अकराव्या शतकांत एका व्याकरणपंडिताच्या पत्राला उत्तर म्हणून 'रिसालतुल् गुफरान' म्हणजे क्षमेचें पत्र लिहिलें. त्यांत तो पंडित मेल्यावर स्वर्गांत आणि नरकाच्या कांठावर हिंडतो, जुन्या कवींना गांठतो आणि त्यांच्या ओळींतील शब्दरूपांवर त्यांच्याशीं वाद घालतो. नरकांतसुद्धां व्याकरणाची चर्चा सुटत नाहीं! मआरीचें हें खट्याळ लेखन वाचतांना वाटतें कीं, पंडित सर्व देशांत सारखेच.

स्पेनमधील मुर्सिया येथें ११६५ सालीं जन्मलेला सूफी तत्त्वज्ञ इब्न अरबी यानें याच कथेला निराळें वळण दिलें. त्याच्या 'फुतूहात' या प्रचंड ग्रंथांत दोन प्रवासी स्वर्गारोहण करतात. एक केवळ बुद्धीवर विसंबणारा तत्त्वज्ञ, दुसरा श्रद्धावान अनुयायी. प्रत्येक स्वर्गांत श्रद्धावानाचें स्वागत तेथील प्रेषित करतो. तत्त्वज्ञाला मात्र त्या त्या ग्रहाकडून सृष्टिशास्त्राचे पाठ तेवढे मिळतात. सातव्या स्वर्गानंतर तत्त्वज्ञाची वाट खुंटते, आणि श्रद्धावान एकटाच वर जातो. डान्टेच्या काव्यांतहि बुद्धीचें प्रतीक असलेला व्हर्जिल एका ठिकाणीं थांबतो, आणि पुढची वाट दैवी ज्ञानाचें प्रतीक असलेल्या बेआत्रिचेनेंच दाखवावी लागते. इब्न अरबी १२४० सालीं दमास्कसला वारला, म्हणजे डान्टेच्या जन्मापूर्वीं पंचवीस वर्षें. जुन्या अंदलुसी तत्त्वचिंतनाचा अभ्यास करतांना आसीन यांना जो धागा सांपडला तो हाच.

एकदां धागा हातीं लागल्यावर त्यांनीं तो फार दूरवर ओढला. इस्लामी वर्णनांत नरक खालीं खालीं उतरत जाणाऱ्या थरांचा आहे, आणि जितका थर खोल तितकें पाप घोर. डान्टेचा नरकहि नरसाळ्यासारखा असून त्याची वर्तुळें त्याच क्रमानें उतरत जातात. मिराजमध्यें एका सीमेपाशीं जिब्रील थांबतो, कारण त्यापुढें त्याचीहि गति नाहीं. डान्टेच्या स्वर्गांतहि अखेरच्या दर्शनापूर्वीं बेआत्रिचे मागें राहते आणि संत बर्नार्ड पुढें येतो. दोन्हींकडे प्रवाशाचे डोळे तेजानें दिपतात आणि वाटाड्या त्याला धीर देतो. मिराजच्या कथेंत एक विराट कोंबड्याच्या रूपाचा देवदूत पंख पसरून ईश्वराची स्तुति करतो. डान्टेच्या गुरुलोकांत पुण्यात्म्यांचा मिळून झालेला एक प्रचंड गरुड बोलतो.

यांपैकीं एक साम्य मला विशेष विचार करण्यासारखें वाटतें. नरक म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें आग येते. डान्टेच्या नरकाचा तळ मात्र आगीचा नाहीं. तो गोठलेल्या सरोवराचा आहे. विश्वासघातकी तेथें मानेपर्यंत बर्फांत रुतलेले आहेत, आणि मध्यभागीं सैतान स्वतःच गोठलेला आहे. इटलीच्या उबदार हवेंत वाढलेल्या कवीला ही कल्पना कोठून सुचली? आसीन म्हणतात, अरबींत 'झम्हरीर' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ असह्य थंडी. आणि इस्लामी परंपरेंत ती नरकांतील एक यातना मानली आहे. वाळवंटांतल्या लोकांच्या नरकांत बर्फ असावें आणि तें फ्लॉरेन्सच्या कवीपर्यंत पोंचावें, हा विचार मोठा मोहक आहे.

पण मोहक विचार म्हणजे पुरावा नव्हे, आणि विरोधकांनीं येथेंच बोट ठेवलें. संत पॉलच्या नांवावर खपणारें एक जुनें ख्रिस्ती परलोकदर्शन आहे. त्यांतहि पापी लोक थंडीनें कुडकुडतात. इंग्लंडचा इतिहासकार बीड यानें आठव्या शतकांत एका मनुष्याचें मरणोत्तर दर्शन नोंदविलें आहे. त्यांत आत्मे एका बाजूच्या आगींतून दुसऱ्या बाजूच्या गारठ्यांत फेकले जातात. मग डान्टेनें दूर स्पेनकडे कशाला पाहावें? दुसरा आक्षेप याहून गंभीर होता. आसीन यांनीं दाखविलेलीं साम्यें एका ग्रंथांतलीं नव्हतीं. एक हदीसांतून, दुसरें इब्न अरबींतून, तिसरें मआरींतून, अशीं तीं निरनिराळ्या शतकांतून वेंचलेलीं होतीं. असे तुकडे जोडून गोधडी तयार करतां येते, आणि ती डान्टेच्या अंगावर बरोबर बसतेहि. पण अशी गोधडी त्याच्या घरीं होती हें कशावरून? डान्टेला अरबी येत नव्हतें. ज्या अरबी ग्रंथांचें लॅटिन भाषांतर झालें होतें, ते वैद्यक, ज्योतिष आणि तत्त्वज्ञान यांवरचे. कुराणाचें लॅटिन भाषांतर ११४३ सालींच झालें होतें हें खरें. पण कुराणांत मिराजसंबंधीं कितीसा मजकूर आहे हें आपण पाहिलेंच.

आसीन यांनीं मध्यस्थ शोधले. तोलेदोचा आर्चबिशप रोद्रिगो याच्या अरबांवरील लॅटिन इतिहासांत मिराजची कथा संक्षेपानें आली होती. फ्लॉरेन्सचा ब्रुनेत्तो लातिनी, ज्याला डान्टे गुरुस्थानीं मानी, तो १२६० सालीं कॅस्टीलचा राजा आल्फोन्सो याच्या दरबारीं वकील म्हणून गेला होता; आणि आल्फोन्सोच्या दरबारांत अरबी विद्येचीं भाषांतरें अखंड चाललेलीं असत. तेव्हां ब्रुनेत्तोनें ही कथा ऐकली असावी, आणि शिष्याला सांगितली असावी. या 'असावी'वर सर्व इमारत उभी होती, आणि विरोधक दर वेळीं त्या एका शब्दालाच धक्का देत.

आणखीहि एक दिशा आहे, आणि ती आपल्या प्रांतांतून जाते. सासानी परंपरेंतला 'अर्दा विराफ' हा पहलवी ग्रंथ आहे. त्यांत एका सत्पुरुषाचा आत्मा सात दिवस देह सोडून स्वर्ग आणि नरक पाहून येतो; आणि त्या नरकांतहि थंडी आहे. या ग्रंथाचा मूळ पाठ दस्तुर होशंगजी जामास्पजी आसा यांनीं सिद्ध केला. पुण्यास पूर्वीं संस्कृत शिकविणारे मार्टिन हौग यांनीं वेस्ट यांच्या साहाय्यानें तो भाषांतरासह १८७२ मध्यें मुंबई व लंडन येथें प्रसिद्ध केला. जीवनजी जमशेदजी मोदी यांनीं तर विराफ आणि डान्टे यांची तुलना करणारे निबंध १९१४ सालींच मुंबईंत छापले होते. म्हणजे माद्रिदच्या त्या सभेपूर्वीं पांच वर्षें मुंबईचा एक पारशी विद्वान याच प्रश्नाकडे दुसऱ्या दारानें आला होता. इराणची कल्पना अरबांनीं घेतली, अरबांची स्पेननें, स्पेनची इटलीनें, अशी सांखळी आपण कल्पूं शकतों. मात्र तिच्या प्रत्येक दुव्याला स्वतंत्र पुरावा लागेल, हें विसरून चालणार नाहीं.

आसीन यांच्या बाजूनें इतकें बोलल्यावर त्यांच्या एका वैगुण्याकडेहि डोळेझांक करूं नये. ते कॅथलिक होते, आणि इस्लामी साधकांवर त्यांचें मनापासून प्रेम होतें. या दोन निष्ठांचा मेळ त्यांनीं असा घातला, कीं सूफी साधनेंतील उत्तमांश मुळांत ख्रिस्ती संन्याशांकडूनच आलेला आहे. इब्न अरबीवर १९३१ सालीं लिहिलेल्या ग्रंथाला त्यांनीं जें नांव दिलें, त्याचा अर्थच 'ख्रिस्ती झालेला इस्लाम' असा होतो. म्हणजे डान्टेनें जें घेतलें तें परकें नव्हतेंच. घरचेंच धन व्याजासह परत आलें! विरोधकांना इटालियन अभिमानानें घेरलें होतें हें खरें. पण आसीन हेहि अभिमानापासून मुक्त नव्हते. ऋण आहे असें सिद्ध करावयाचें, आणि लगेच तें सावकाराच्या नांवावरून खोडून टाकावयाचें, ही त्यांची युक्ति मला पटत नाहीं. तरीहि त्यांनीं जमविलेली सामग्री त्यांच्या निष्कर्षाहून मोठी आहे.

१९४३ मध्यें त्यांनीं आपल्या निबंधाची दुसरी आवृत्ति वादाच्या इतिहासासह प्रसिद्ध केली. १९४४ च्या ऑगस्टमध्यें ते वारले. हवा असलेला दुवा त्यांना सांपडला नव्हता.

तो पांच वर्षांनीं सांपडला, आणि एकाच वेळीं दोन ठिकाणीं. १९४९ मध्यें इटालियन पंडित एन्रिको चेरुल्ली यांनीं व्हॅटिकनमध्यें आणि स्पॅनिश पंडित मुन्योस सेन्दिनो यांनीं माद्रिदमध्यें, एकमेकांवर न विसंबतां, एकच ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचें नांव 'शिडीचें पुस्तक'. तें मिराजचें सविस्तर वर्णन आहे. त्याचे ८५ अध्याय असून महंमद पैगंबर स्वतःच ती हकीगत सांगत आहेत अशी त्याची रचना आहे. राजा आल्फोन्सोच्या आज्ञेवरून अब्राहाम नांवाच्या यहुदी वैद्यानें तें अरबींतून कॅस्टिलियन भाषेंत उतरविलें. तें भाषांतर आज नष्ट झालें आहे. परंतु त्यावरून राजाच्या दरबारांतील बोनाव्हेन्तुरा नांवाच्या कारकुनानें लॅटिन आणि जुन्या फ्रेंच भाषेंत भाषांतरें केलीं. फ्रेंच भाषांतराचें वर्ष १२६४ असें नोंदलेलें आहे. डान्टेच्या जन्माला तेव्हां एक वर्ष अवकाश होता. आणि हा बोनाव्हेन्तुरा कोठला? सिएना शहरचा, म्हणजे फ्लॉरेन्सच्या शेजारचाच!

आतां विरोधकांना 'असें पुस्तकच नव्हतें' असें म्हणतां येईना. स्वर्ग, नरक, थर, यातना, वाटाड्या देवदूत, कोंबड्याच्या रूपाचा तो विराट देवदूतसुद्धां, सर्व एकाच पुस्तकांत, आणि तें पुस्तक युरोपांतील सुशिक्षितांना वाचतां येईल अशा भाषांत! गोधडीच्या जागीं एकसंध वस्त्र हातीं आलें.

मला याहूनहि नवल वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. हीं हस्तलिखितें वाळूखालून उकरून काढलेलीं नव्हतीं. फ्रेंच प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत होती. लॅटिन प्रती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आणि व्हॅटिकनमध्यें होत्या. डान्टेवर ग्रंथ लिहिणारे कित्येक पंडित त्याच इमारतींत येऊन बसत असतील. मग तीस वर्षें वाद चालला असतां कोणाचेंहि लक्ष तिकडे कसें गेलें नाहीं? मला दिसणारें कारण असें. अरबी शिकलेला पंडित अरबी हस्तलिखितें शोधतो. त्याला जुन्या फ्रेंचमधील प्रतीशीं कर्तव्य नसतें. फ्रेंच आणि लॅटिनचा पंडित ती प्रत पाहतो, पण मिराज म्हणजे काय हें त्याला ठाऊक नसतें. तो तिला परधर्माविषयींचें एक किरकोळ बाड समजून पुढें जातो. पुस्तक दोघांच्याहि वाटेवर होतें, आणि दोघांनाहि दिसलें नाहीं. १९४४ मध्यें मोनेरे द व्हिलार या इटालियन अभ्यासकानें तिकडे बोट दाखविलें. मध्ययुगीन युरोपांत इस्लामचा अभ्यास कसा झाला, हाच त्याचा विषय होता. त्याला दोन्ही दालनांत वावरणें भागच होतें. चेरुल्ली तर इथिओपियाच्या भाषांचे जाणकार, डान्टेच्या पीठावर बसणारे नव्हेत.

एवढें झाल्यावर खटला निकालांत निघाला असें कोणास वाटेल. पण नाहीं. ब्रुनेत्तो कॅस्टीलला गेला १२६० मध्यें आणि भाषांतर झालें १२६४ मध्यें. तेव्हां आसीन यांनीं ज्याच्यावर सर्वांत अधिक भिस्त ठेवली होती, तोच साक्षीदार या पुस्तकापुरता निरुपयोगी ठरला. चेरुल्ली यांनीं दुसरा साक्षीदार आणला. चौदाव्या शतकांतील तस्कन कवि फात्सियो देल्यी उबेर्ती आपल्या काव्यांत या 'शिडी'चा नांवानिशीं उल्लेख करतो. म्हणजे पुस्तक इटलींत पोंचलें होतें हें निश्चित. पण फात्सियो डान्टेनंतरचा. डान्टेच्या हयातींत तें फ्लॉरेन्समध्यें होतें काय, आणि असल्यास त्यानें तें उघडलें काय, हें त्यावरून ठरत नाहीं. १९९० नंतर मारिया कोर्ती या इटालियन विदुषीनें हा प्रश्न पुन्हां चर्चेस आणला. तिचा कल आसीन यांच्या बाजूस होता. पण इतर कित्येक अजूनहि डोकें हलवितात.

खुद्द डान्टेचें मन या बाबतींत सरळ नव्हतें. इब्न सीना आणि इब्न रुश्द या मुसलमान तत्त्वज्ञांना त्यानें नरकाच्या उंबरठ्यावर, पण यातनारहित अशा ठिकाणीं, होमर आणि ॲरिस्टॉटल यांच्या सोबतीला बसविलें आहे. ख्रिस्ती योद्ध्यांकडून जेरुसलेम जिंकून घेणारा सुलतान सलाहुद्दीनहि तेथें एका बाजूला एकटाच उभा आहे. आणि त्याच काव्यांत पुढें इस्लामच्या प्रेषिताला त्यानें, धर्मांत फूट पाडणाऱ्यांच्या पंक्तींत, अशी जागा दिली आहे कीं ती वाचतांना आजहि संकोच वाटतो. ज्याच्या स्वर्गारोहणाची कथा कदाचित् आपल्या काव्याचा पाया झाली, त्यालाच नरकांत लोटणारा हा कवि! आसीन यांच्या विरोधकांनीं हाहि एक युक्तिवाद म्हणून पुढें केला. तो मला लंगडा वाटतो. ज्याचा द्वेष करावयाचा त्याचें वाचावयाचें नाहीं, असा नियम मध्ययुगांत कोणी पाळीत नसे. उलट खंडनासाठींच भाषांतरें होत. 'शिडीचें पुस्तक' भाषांतरित झालें तेंहि, ख्रिस्ती वाचकानें तें पाहून आपल्या धर्माशीं ताडून घ्यावें, याच हेतूनें.

आपल्याकडील श्रोत्यांना कदाचित् प्रश्न पडेल कीं, डान्टेनें घेतलें तरी काय बिघडलें, आणि न घेतलें तरी काय? ज्ञानेश्वरांनीं पूर्वाचार्यांचें ऋण उघड मान्य केलें म्हणून ज्ञानेश्वरी कोणी उसनी मानीत नाहीं. हें खरें आहे, आणि डान्टेचें मोठेपणहि तेवढ्यानें उणावत नाहीं. 'शिडीच्या पुस्तकां'त गोठलेल्या सरोवरांतून विश्वासघातक्याचा आवाज ऐकूं येत नाहीं. आपल्या गुरूला नरकाच्या जळत्या वाळूंतून चालतांना पाहून गहिंवरणारा शिष्य तेथें नाहीं. तें सर्व डान्टेचें आहे. पण ऋण आहे कीं नाहीं हा प्रश्न मोठेपणाचा नसून वस्तुस्थितीचा आहे, आणि तो तसाच सोडवावा लागेल. त्यासाठीं आल्फोन्सोच्या दरबारांतून इटलीकडे कोणकोणतीं पुस्तकें गेलीं, कोणाच्या सामानांतून गेलीं, आणि तस्कनींतल्या कोणत्या मठांत उतरलीं, हें एकेक करून तपासावें लागेल. डान्टेच्या हातचीं कागदपत्रें तपासावीं म्हटलें, तर त्याच्या हस्ताक्षरांतली एकहि ओळ आज उपलब्ध नाहीं.